तिसऱ्या भोंग्याला उठलेली रांग

सिनेमा भिकार आहे, हे ताईचं मत मध्यंतराच्या आधीच पक्कं झालं होतं. कोट्यवधी मैल उडत आलेले परग्रहवासी, एकेकाला चार-चार डोळे, आणि त्यांना शाळेच्या दाराची कडी सापडत नव्हती. आत कपाटात हिरोची मुलगी तोंडावर हात दाबून बसलेली, आणि बाहेर हे चिकट पाहुणे नुसतं दार हुंगत होते. ताईने अर्धं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काढलं होतं. चार डोळे असून कडी दिसत नसेल तर चारही डोळ्यांचा नंबर तपासायला हवा, असं ती शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या कानात म्हणाली. एरवी अशा बोलण्यावर खिदळणारा नवरा आज हसला नाही.

खरं तर ताई घरून निघाली तीच रागावून. गेला महिनाभर ती रागावलेलीच होती, आणि तिचा राग मेलेल्या माणसावर होता. जिवंत माणसाचा राग आला तर दार आपटता येतं, अबोला धरता येतो, चार लोकांत त्याचं उणंदुणं काढता येतं. मेलेल्याचं काय करणार? तो राग घरातल्या घरात फिरत राहतो आणि शेवटी भांड्यांवर निघतो.

मेलेला तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो एवढासा होता, त्याच्या बुटांचे बंद ताईने बांधले, त्याच्या शाळेत जाऊन बोलणी ताईने खाल्ली. पुढे तो वाढत वाढत इतका उंच झाला की अग्निशमन दलात गेल्यावर सगळे त्याला शिडी म्हणायला लागले. त्याला दलात आणलं ताईच्या नवऱ्याने. नवरा तिथे बंबाचा ड्रायव्हर. महिन्यापूर्वी गाद्यांच्या एका गोदामाला आग लागली. पाच जण आत गेले आणि चार बाहेर आले.

आता दलाचा एक नियम असा, की छत खचायला लागलं, भिंत फुगायला लागली, तर बाहेर उभ्या असलेल्या बंबाचा हॉर्न तीनदा लांब वाजवायचा. तीन लांब हॉर्न झाले की आतल्या माणसाने हातात असेल ते टाकायचं आणि बाहेर पडायचं. विचार करायचा नाही, मागे बघायचं नाही. नव्या माणसाला पहिले कित्येक महिने दुसरं काही शिकवतच नाहीत. जेवताना, झोपेत, जिन्यावर, कधीही हॉर्न वाजवतात आणि पाय उचलायला उशीर झाला तर मैदानाला चकरा मारायला लावतात. त्या दिवशीही हॉर्न झाला होता. स्टेशनच्या साहेबांनी तसं सांगितलं, त्यांच्याबरोबर बाहेर आलेल्या तिघांनी सांगितलं, आणि हॉर्न ज्याच्या हाताखाली असतो त्या ताईच्या नवऱ्यानेही मान हलवली. चौघांनी हॉर्न ऐकला आणि ते आले. शिडीने हॉर्न ऐकला आणि तो थांबला.

येत्या सोमवारी चौकशी होती. आदेश मोडला असं ठरलं तर दलाच्या फाटकाशी जो दगड आहे, कामावर असताना गेलेल्यांची नावं कोरलेला, त्यावर त्याचं नाव लागणार नव्हतं. ताईला दगडाचं एवढं काही नव्हतं. पण तिच्याकडे राहणारे तिचे वडील जन्मभर शाळेत कवायत शिकवत आले होते. मुलगा गेल्याचं कळलं तेव्हा ते भिंतीला धरून उभे राहिले. हॉर्न ऐकूनही तो आला नाही हे कळलं तेव्हा म्हणाले, "ऐकलं नाही त्याने." आणि मग त्यांनी मुलाचा फोटो उचलून कपाटात ठेवला, तो तिथेच होता. त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. मुलाचं दुःख करावं की मुलाची लाज वाटून घ्यावी, हे म्हाताऱ्याला ठरवता येत नव्हतं.

ताईचं तसं नव्हतं. ती बोलायची. रोज सकाळी ओट्याशी उभी राहून ती मेलेल्या भावाला फैलावर घ्यायची. गाढवा, बाकीचे आले ना बाहेर, तुलाच तिथे काय सोनं सापडलं होतं? लहानपणापासून शेफारलेला. जेवायला दहा हाका मारायला लागायच्या, तीच सवय. नवरा टेबलाशी बसून चहा प्यायचा आणि मान खाली घालून ऐकायचा. ताईला वाटायचं, त्यालाही वाईट वाटतंय.

तर हा सिनेमा. साहेबांच्या पाळीतल्या लोकांची एक रीत होती. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दुपारी, बायकोमुलांसह सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं आणि सिनेमा पाळीपाळीने एकेकाने निवडायचा. दुसऱ्याने कुरकुर करायची नाही, निदान सिनेमा संपेपर्यंत तरी. या खेपेची पाळी शिडीची होती. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की परग्रहवाला बघायचा. उडती तबकडी म्हटली की त्याला तहानभूक नसायची. साहेब म्हणाले, पाळी त्याची आहे, तेव्हा त्याचाच सिनेमा बघू, त्याला बरं वाटेल. मेलेल्या माणसाला बरं वाटण्याची ही नवीन सोय ऐकून ताई आणखीच भडकली होती. पण वडिलांच्या खोलीतल्या शांततेपेक्षा थिएटरातला गोंगाट बरा, म्हणून आली.

मध्यंतरानंतर पडद्यावरचं शहर रिकामं व्हायला लागलं. लोकांना घेऊन जाणारं एक अजस्र जहाज मैदानात उभं होतं आणि त्याचा भोंगा तीनदा वाजला की ते उडणार होतं. हिरो आपल्या माणसांना घेऊन शाळेच्या इमारतीत शिरला होता. परग्रहवाल्यांनी एव्हाना दाराचा नाद सोडून भिंतीच पाडायला सुरुवात केली होती, म्हणजे थोडी अक्कल आली होती म्हणायची. धूर झाला. छताला तडे गेले. आणि जहाजाचा भोंगा वाजला, लांबलचक, खुर्च्या थरथरतील असा. मग दुसरा. मग तिसरा.

तिसऱ्या भोंग्याला ताईच्या रांगेतली माणसं उठली.

कुणी कुणाला खूण केली नाही. पैलवान, म्हणजे काडीसारखा बारीक म्हणून ज्याला पैलवान म्हणतात तो, उभा राहिला तेव्हा त्याच्या मांडीवरच्या लाह्या पुढच्या रांगेत सांडल्या आणि त्याचा हात हेल्मेट चाचपायला डोक्याकडे गेला. पाळीतले दुसरे दोघं उठले. कडेला बसलेल्या साहेबांचा एक पाय तर वाटेत पडलासुद्धा होता. ताईचा नवरा पुढच्या खुर्चीची पाठ पकडून अर्धवट उभा होता. बसून राहिल्या त्या फक्त ताई आणि वहिनी, म्हणजे साहेबांची बायको. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो बसा की, घरी जायची एवढी घाई असेल तर आलात कशाला?" आजूबाजूला हशा पिकला. ती मोठमोठी माणसं एकमेकांकडे बघून ओशाळली आणि खाली बसली.

पडद्यावर हिरोनेही भोंगा ऐकला होता. तो थांबला, हसला, बाकीच्यांना जा म्हणाला आणि एका कुत्र्यासाठी मागे फिरला. वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला.

ताई पडद्याकडे बघत नव्हती. तिला आठवत होतं, एकदा तिच्याकडेच धाकटा जेवायला बसला होता आणि बाहेर रस्त्यावर कुठलासा ट्रक तीनदा ओरडला. पुढे ताट, तोंडात घास, आणि हा पठ्ठ्या खरकट्या हाताने दाराबाहेर. नंतर स्वतःच हसत आला. ताईने तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं. जेवायला दहा हाका लागणारा माणूस तीन हॉर्नला उठला, आणि आग लागलेल्या गोदामात तेवढा उठला नाही? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभराचा राग तोच होता, पण आता कुणीकडे तोंड करून उभं राहावं हे त्याला कळायला लागलं होतं. शेवटी हिरो मेला की कुत्रा मेला, हे तिने पाहिलंच नाही.

सिनेमा सुटल्यावर सगळे थिएटरखालच्या कॉफीच्या दुकानात गेले. हीसुद्धा रीतच. दोन टेबलं जोडायची आणि सिनेमाचा पंचनामा करायचा.

"मला तर बाई फार आवडला," वहिनी म्हणाल्या. "शेवटी रडवलं मेल्यांनी."

"ताणलाय," पैलवान म्हणाला. "आणि परग्रहवाले जरा मंद वाटले."

"सिनेमा उत्तम आहे," साहेब म्हणाले. साहेब बोलले की पाळीत चर्चा संपते, तसं त्यांना घरीदारी सगळीकडेच वाटायचं. "तुम्ही ते राक्षस काय बघत बसता? माणूस बघा. काही लोकांच्या रक्तातच असतं. हुकूम कळतो, धोका कळतो, पण पाय मागे वळतात. आपला शिडी तसाच. त्याला हा सिनेमा आवडला असता."

"नसता आवडला," ताई म्हणाली. "सिनेमा खोटा आहे."

साहेब हसले. "आकाशातून चार डोळ्यांचे प्राणी उतरलेत, ताई, आणि तुम्ही खरंखोटं काय बघता?"

"ते प्राणी चालतील मला. चार डोळे असोत, दहा शेपट्या असोत, कडी न सापडू दे, माझं काही म्हणणं नाही. भोंगा ऐकून थांबलेला माणूस मला चालत नाही. तसा माणूस नसतो."

"असतो की. आपल्यातच होता."

"मग मला एक सांगा. तुम्ही का उठलात?"

"कधी?"

"आत्ता. थिएटरात. तिसऱ्या भोंग्याला तुमचा पाय वाटेत होता."

"सवय हो," साहेब म्हणाले. "झोपेतसुद्धा उठतो माणूस. हिला विचारा."

"झोपेत कसलं," वहिनी म्हणाल्या, "एकदा तर हे अंघोळीतून उठून साबणासकट जिन्यापर्यंत गेले होते. शेजारीण अजून जिन्यात भेटली की तोंड फिरवते."

सगळे हसले. त्यांचं हसून होईपर्यंत ताई थांबली. दुकानात ती गिऱ्हाइकासमोर अशीच थांबायची. मला सगळं दिसतं म्हणून जो जास्त ओरडतो, त्याच्यासमोर फक्त अक्षरांचा तक्ता धरायचा असतो.

"म्हणजे झोपेतून उठता," ती म्हणाली, "अंघोळीतून उठता. मऊ खुर्चीत, अंधारात, सिनेमातला भोंगा आहे हे माहीत असताना उठता. हा पैलवान उठला. हे दोघं उठले. माझा नवरा उठला. आणि तुमच्याच हाताखाली शिकलेला माझा भाऊ, तो तेवढा थांबला. तेही आगीत."

मागे कॉफीचं यंत्र फुसफुसत होतं.

"ताई," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला दुःख झालंय. मी समजू शकतो. पण दुःखात माणूस वाटेल ते बोलतो."

"मला दुःख झालेलं नाही. मला राग आलाय. दुःख करायला तुम्ही मला वेळच दिला नाहीत. त्याने ऐकलं नाही, त्याने ऐकलं नाही, एवढंच ऐकतेय मी महिनाभर. आणि आज त्याच्या नावावर हा सिनेमा दाखवून वर पुन्हा सांगताय, की बघा, तो असाच होता."

"मग काय, चौघं जण खोटं बोलताहेत?" साहेबांचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "पैलवान, सांग त्यांना. हॉर्न ऐकलास की नाही?"

पैलवानाने कप खाली ठेवला.

"साहेब, त्या दिवशी माझे पाय उठले नव्हते," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"आज उठले ना. मी कधी उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. त्या दिवशी तसं झालं नाही. मी पाईप धरून होतो, आणि मागून कुणीतरी कॉलर धरून ओढलं. मी शिवी दिली. वळून बघतो तर तुम्ही. या दोघांनाही तुम्हीच ओढलंत, आम्ही सगळे दारापाशीच होतो. हॉर्न झाला असता तर तुम्हाला ओढायला लागलं असतं का?"

"मग हॉर्न ऐकला असं कोण सांगत होतं? मी?"

"नाही, मीच सांगत होतो," पैलवान म्हणाला. "बाहेर आलो म्हणजे हॉर्न झाला असणार, असं धरून चाललो. हॉर्नशिवाय आपण जळती आग सोडून कधी बाहेर आलोय?"

बाकीच्या दोघांनी आपापल्या कपात बघायला सुरुवात केली. त्यांनीही तसंच धरलं होतं. आयुष्यभर हॉर्न झाल्यावरच जळती आग सोडून बाहेर पडलेली माणसं ती. बाहेर पडल्याचं आठवलं की त्यामागचा हॉर्न आपोआप आठवतो, मग तो झालेला असो वा नसो. ती खोटं बोलत नव्हती. पण खोटं न बोलता त्यांनी एका मेलेल्या पोराला गुन्हेगार ठरवलं होतं, आणि ताईला त्या क्षणी त्यांच्या भाबडेपणाचं काडीचंही कौतुक वाटलं नाही.

ती नवऱ्याकडे वळली.

"हॉर्न तुमच्या हाताखाली असतो," ती म्हणाली.

नवऱ्याने साखर ढवळायला घेतली. त्याच्या कपात कॉफी उरली नव्हती.

"अहो, मी विचारतेय. वाजवलात का?"

त्याने आधी साहेबांकडे पाहिलं. त्या बघण्यातच ताईला उत्तर मिळालं. तरी तिने त्याला सोडलं नाही, तो तोंड उघडेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"मला कुणी सांगितलंच नाही," नवरा म्हणाला. "बंब गल्लीच्या वळणापलीकडे होता. तिथून गोदाम दिसत नाही. मी वॉकीटॉकी कानाला लावून बसलो होतो. साहेबांचा आवाज आला असता तर त्याच क्षणी वाजवला असता. मग छत पडल्याचा आवाज आला."

"मी सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

"मी बटण दाबलं होतं. मला आठवतंय."

"नाही सांगितलंत, साहेब."

साहेबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. वहिनींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. "छत खाली येत होतं," ते म्हणाले. "तुम्ही कोणी वर बघत होतात का? मी बघत होतो. या हातांनी ओढलं मी यांना. पुन्हा आत जाणार होतो, तेवढ्यात ते आलं खाली. एक गोष्ट राहिली असेल. एक. पस्तीस वर्षांत एक."

"राहिली तर राहिली," ताई म्हणाली. "माणूस आहे, विसरतो. शिव्या घातल्या असत्या तुम्हाला, जन्मभर तोंड बघितलं नसतं, पण समजून घेतलं असतं. तुम्ही विसरलात आणि ते त्याच्या माथी मारलंत. त्याला सांगता येत नाही म्हणून."

"मला खरंच वाटत होतं मी सांगितलं," साहेब म्हणाले. पण ते आता कुणालाच उद्देशून नव्हतं.

ताई उठली.

रस्त्यावर ऊन होतं. नवरा मागून भराभर चालत आला. दोन दुकानं ओलांडेपर्यंत ताई काही बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्या माणसाला त्या न बोलण्याचीच धास्ती वाटली असती.

"सोमवारी मी सगळं सांगतो," तो म्हणाला.

"सांगालच. न सांगून जाता कुठे? पैलवानासमोर बोलून बसलात." ती थांबली. "महिनाभर मी रोज सकाळी त्याला शिव्या घालत होते. गाढव म्हटलं, शेफारलेला म्हटलं, बरं झालं आई आधी गेली असंसुद्धा म्हटलं. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

"मला वाटलं, तो काही आता परत येत नाही. साहेबांचं मात्र सगळंच जाईल. मला दोनदा आगीतून ओढून काढलंय त्यांनी. त्यांनी विचारलं, वाजवलास ना, आणि माझी मान हलली."

"त्यांचं जाऊ नये म्हणून माझा भाऊ दिलात."

"तसं नाही ग."

"तसंच आहे. तुम्ही नुसतं थांब म्हणायचं होतंत. खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं तर नका सांगू. एका तरी सकाळी म्हणायचं, अगं थांब, त्याला बोलू नकोस. एवढंही तुमच्याने झालं नाही. माझ्याकडून वदवून घेत राहिलात सगळं. मी रडलेसुद्धा नाही त्याच्यासाठी, कळतंय का तुम्हाला? ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी रडायचं कसं?"

त्याने तिचा हात धरायला बघितलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने तो हात खिशात घातला. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. नवराबायकोचं भांडण कुठल्याही रस्त्यावर लोकांना लांबून ओळखू येतं.

"सोमवार लांब आहे," ताई म्हणाली. "आधी बाबांना सांगायचं. आत्ता. आणि मी एक शब्द बोलणार नाही, तुम्हीच सांगायचं."

बाबा त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, कवायतीला बसावं तसे, पाठ न टेकता. जावई दारात उभा राहून बोलला. आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तोही गेला नाही. वळण, वॉकीटॉकी, न आलेला आवाज, हललेली मान, सगळं त्याने सांगितलं. ताई भिंतीशी उभी होती. आता बाबा काय करतील याची ती वाट बघत होती. त्यांनी आरडाओरडा करावा, याला घराबाहेर काढावं, काहीतरी मोठं करावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

बाबांनी फक्त विचारलं, "तो कुठे होता?"

"मागच्या खोलीत. पाईपाच्या टोकाला."

"तिथून दार दिसतं?"

"नाही."

"बाकीचे बाहेर गेलेले त्याला दिसले नसतील."

"नाही, बाबा. धूर होता."

म्हाताऱ्याने मान हलवली. शाळेत पोरांची रांग नीट लागली की ते अशीच हलवायचे.

"मग तो हॉर्नची वाट बघत उभा राहिला," ते म्हणाले. "सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. उन्हात मैदानावर उभं करून मीच शिकवलं होतं त्याला. दुसरी पोरं पळून जायची." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "पोराने ऐकलं माझं."